फिनास्टेराइड सोडून ड्युटास्टेराइड: २० महिन्यांनंतरचा अभिप्राय

जानेवारी २०१९ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत मी रोज १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडची गोळी घेत होतो. जानेवारी २०२४ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती थांबवली आणि ०.५ मिलिग्रॅम ड्युटास्टेराइडची कॅप्सूल सुरू केली. या बदलाला आता २० महिने झाले आहेत. पुरुषांच्या टकलावर दिल्या जाणाऱ्या या दोन औषधांपैकी अधिक जोरकस कोणते, एवढेच सहसा विचारले जाते आणि त्याचे उत्तर ‘ड्युटास्टेराइड’ असे सरळ आहे. परंतु एकावरून दुसऱ्यावर जाताना नेमके काय पदरात पडते, किती काळाने पडते आणि त्याच्या मोबदल्यात काय सोडावे लागते, याचा हिशेब मला आधी नीट मांडता आला नव्हता. डॉक्टरांनी सांगितले त्यातलेही अर्धेच मी त्या दिवशी ऐकले होते. निकाल आधीच सांगून टाकतो. मागच्या भोवऱ्यापाशी केस मध्यम प्रमाणात दाट झाले, कपाळाचे कोपरे होते तिथेच आहेत, आणि हे औषध शरीरातून लवकर निघत नाही ही बाब मी जितकी हलकी धरली होती तितकी ती हलकी नाही.

आज माझे वय ४४ आहे. केस विरळ होत असल्याची पहिली सूचना मला न्हाव्याकडून मिळाली. केस कापून झाल्यावर मागे आरसा धरून दाखवताना त्याने तो नेहमीपेक्षा लवकर बाजूला केला, तेव्हाच मी काय ते ओळखले. अशा टकलाच्या पायऱ्या मोजण्यासाठी जेम्स हॅमिल्टन यांनी केलेले आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेले वर्गीकरण डॉक्टर वापरतात; त्यात माझी पायरी तिसरी, आणि तीही भोवरा उघडा पडू लागल्याची, अशी नोंद झाली. मामाला टक्कल असेल तर भाच्याला पडते, असे आमच्याकडे ठामपणे सांगितले जाते. माझे दोन्ही मामा साठीतही भरघोस केसांचे आहेत आणि वडील चाळिशीत विरळ झाले होते. हा वारसा दोन्ही बाजूंनी येऊ शकतो, एवढे त्यावरून मी शिकलो.

फिनास्टेराइडबद्दल माझी तक्रार नाही. पहिले चार महिने काहीही दिसले नाही; वर्ष संपता संपता मोरीच्या जाळीवर अडकणारे केस कमी झाले आणि भोवऱ्याभोवतीची कातडी पुन्हा झाकली गेली. ही स्थिती अडीच-तीन वर्षे टिकली. २०२२ च्या अखेरीपासून मात्र भोवरा हळूहळू पुन्हा दिसू लागला. असे होणे अपवादात्मक नाही. फिनास्टेराइडच्या ज्या मूळ चाचण्या १,५५३ पुरुषांवर झाल्या आणि पुढे काहींच्या बाबतीत पाच वर्षांपर्यंत चालू ठेवल्या गेल्या, त्यांत केसांची संख्या पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक झाली आणि नंतर संथपणे उतरू लागली. तरी पाचव्या वर्षीही ती सुरुवातीपेक्षा जास्तच होती, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे केस त्याच काळात घटतच गेले होते. म्हणजे ‘गोळी आता लागू पडत नाही’ असे म्हणताना आपण स्वतःची तुलना आपल्याच चांगल्या दिवसांशी करत असतो. गोळी घेतली नसती तर आज काय दिसले असते, ते काही आरशात दिसत नाही. हे सारे वाचलेले असूनही मला बदल हवा होता, हे प्रांजळपणे मान्य करतो.

दोन औषधांतला फरक समजण्यासाठी थोडे शास्त्र आवश्यक आहे. टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे डीएचटीमध्ये, करणारे ५-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर शरीरात असते, आणि ज्यांच्या अंगी टकलाची आनुवंशिक प्रवृत्ती आहे त्यांची केशमुळे या डीएचटीमुळे वर्षागणिक बारीक होत जातात. या विकराचा दुसरा प्रकार मुख्यतः केशमुळांत आणि प्रोस्टेट ग्रंथीत आढळतो, तर पहिला प्रकार त्वचेतील तेलग्रंथींत आणि यकृतात. दुसरा प्रकार जन्मतःच निकामी असलेल्या डोमिनिकन रिपब्लिकमधील काही कुटुंबांचा अभ्यास ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पुरुषांची प्रोस्टेट लहान राहते आणि त्यांना आपल्यासारखे टक्कल पडत नाही, या निरीक्षणातून औषधाची वाट सापडली. फिनास्टेराइड हा दुसरा प्रकार रोखते आणि रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी खाली आणते. ड्युटास्टेराइड दोन्ही प्रकार रोखते, त्यामुळे घट ९० टक्क्यांच्या पुढे जाते.

फिनास्टेराइड अमेरिकेत १९९२ मध्ये ‘प्रोस्कार’ या नावाने ५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रोस्टेटसाठी आले आणि १९९७ मध्ये ‘प्रोपेशिया’ या नावाने १ मिलिग्रॅममध्ये केसांसाठी मान्य झाले. ड्युटास्टेराइडची कथा अशी पूर्ण झालेली नाही. ‘अ‍ॅव्होडार्ट’ या नावाने त्याला २००१ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली. केसांसाठी दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने ती आजवर दिलेली नाही. माझ्या पाकिटातल्या माहितीपत्रकात केसांचा विषयच नाही, सगळा मजकूर प्रोस्टेटवर आहे. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो तेव्हा दुकानदाराने सहज विचारले, “बाबांसाठी का?” मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. वडिलांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

हा बदल मी एक वर्ष आधीच मागितला होता. डॉक्टरांनी डोक्याकडे पाहण्यापूर्वी एकच प्रश्न केला: “आणखी मूल हवं आहे का?” आम्हा उभयतांचा विचार तेव्हा पक्का झालेला नव्हता. तसे सांगताच त्यांनी चिठ्ठीवर फिनास्टेराइडच पुन्हा लिहिले आणि विचार पक्का झाला की या, असे सांगितले. मला तेव्हा हे टाळाटाळीचे वाटले होते. नंतर माहितीपत्रक वाचले तेव्हा कारण कळले. निरोगी पुरुषांवरील एका चाचणीत ५२ आठवडे ड्युटास्टेराइड घेतल्यानंतर एकूण शुक्राणूंची संख्या सरासरी २३ टक्क्यांनी, वीर्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी आणि शुक्राणूंची हालचाल १८ टक्क्यांनी कमी झालेली आढळली होती. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्या घटीने काही बिघडत नसेलही. परंतु ज्या जोडप्याला मूल हवे आहे आणि आधीच उशीर होत आहे, त्याने भोवऱ्यासाठी ही जोखीम का घ्यावी? एक मुलगी पुरे, असे आमचे ठरल्यावरच औषध बदलले गेले. डॉक्टरांचे शुल्क मी ज्या सल्ल्यांसाठी आजवर दिले, त्यांतला हा सर्वांत मोलाचा.

औषध बदलण्याऐवजी फिनास्टेराइडचाच डोस वाढवावा, असेही मी सुचवून पाहिले होते. त्याचा उपयोग नसतो, कारण या औषधाचा परिणाम फार लहान मात्रेतच जवळपास पूर्णत्वाला जातो. ०.२ मिलिग्रॅमनेसुद्धा रक्तातील डीएचटी दोन तृतीयांशांच्या आसपास घटते आणि १ वरून ५ मिलिग्रॅमवर गेल्याने त्यात नाममात्र भर पडते. याच कारणाने काही जण पैसे वाचवण्यासाठी ५ मिलिग्रॅमची गोळी सुरीने चार तुकड्यांत कापून घेतात. घरात गर्भवती स्त्री असेल तर हा उद्योग करू नये, कारण फुटलेल्या गोळीची भुकटी हाताळण्यापासून तिने दूर राहायचे असते. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला डीएचटी लागते. ड्युटास्टेराइडच्या बाबतीत तर कॅप्सूलमधला द्रव त्वचेतूनही शोषला जातो, म्हणून गळकी कॅप्सूल गर्भवतीने हातात घेऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले असते.

बदलाने फायदा होईल असे मानायला आधार होता का? होता, पण मर्यादित. ९१७ पुरुषांवर २४ आठवडे चाललेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ०.५ मिलिग्रॅम ड्युटास्टेराइडने केसांची संख्या आणि जाडी या दोन्ही बाबतींत १ मिलिग्रॅम फिनास्टेराइडला मागे टाकले. मात्र ते सगळे नव्याने औषध सुरू करणारे होते. माझ्यासारख्यांना, म्हणजे फिनास्टेराइड घेऊन समाधान न झाल्यामुळे ड्युटास्टेराइडवर गेलेल्यांना, लागू पडेल असा एक छोटा कोरियन अभ्यास त्याच वर्षी आला. त्यात सहा महिने पूर्ण करणाऱ्या ३१ जणांपैकी २४ जणांत सुधारणा दिसली, पण त्यांतल्या बहुतेकांची सुधारणा ‘किंचित’ या सदरात मोडणारी होती. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मी गेलो तो ‘किंचित’ या शब्दाकडे काणाडोळा करून.

प्रत्यक्ष बदल अगदी साधा असतो. मध्ये खंड पाडण्याची गरज नसते. आदल्या दिवशी फिनास्टेराइडची शेवटची गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी कॅप्सूल सुरू केली. काही दिवस दोन्ही एकत्र घ्यावीत का, असे मी विचारले होते. ड्युटास्टेराइड दुसरा प्रकारही रोखतेच, त्यामुळे सोबत फिनास्टेराइड घेण्यात हशील नाही, असे उत्तर मिळाले. रोज रात्री डोक्याला लावायचे ५ टक्क्यांचे मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढवणारे दुसरे औषध, मी आधीप्रमाणेच चालू ठेवले. डॉक्टरांनी इथे मला बजावले होते की एका वेळी एकच गोष्ट बदला. शाम्पू, तेल, बायोटिनच्या गोळ्या, डोक्यात सुया टोचण्याचे यंत्र, यांतले काहीही याच काळात सुरू केलेत तर पुढे कशाने काय झाले ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. हा नियम पाळणे औषध घेण्यापेक्षा कठीण गेले. घरातल्या घरात माक्याच्या तेलाची बाटली तीनदा माझ्या उशाशी आली आणि तीनदा परत गेली.

या दोन औषधांतला सर्वांत मोठा फरक त्यांच्या शरीरातील मुक्कामाचा आहे. फिनास्टेराइडचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, काही तासांचा असतो. गोळी बंद केली की सुमारे दोन आठवड्यांत डीएचटी मूळ पातळीवर येते. ड्युटास्टेराइडचा अर्धायुकाल सुमारे पाच आठवडे आहे. रोज घेतल्यावर रक्तातील त्याची पातळी पहिल्या महिन्यात स्थिर पातळीच्या ६५ टक्क्यांपर्यंत आणि तिसऱ्या महिन्यात ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते, आणि बंद केल्यावरही ते चार ते सहा महिने रक्तात सापडू शकते. एखादी गोळी चुकली तर काही बिघडत नाही, हा याचा सुखद भाग. गावी जाताना पाकीट विसरलो आणि पाच दिवस औषध नव्हते, तरी मला चिंता वाटली नाही. पण त्रास झाला तर ‘उद्यापासून बंद’ म्हणून तो उद्यापासून थांबणार नाही, हा त्याचाच दुसरा भाग.

सहाव्या आठवड्यापासून केस गळायला लागले. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर, सगळीकडे केस. रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते; माझे त्याहून निश्चितच अधिक गळत होते, मोजत बसलो नाही एवढेच. औषध सुरू करताना किंवा बदलताना विश्रांतीच्या अवस्थेतले केस एकदम गळून नव्यांना जागा होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते आणि मिनॉक्सिडिलच्या वेळी मी ते अनुभवलेही होते. तरीही त्या पाच आठवड्यांत मी फिनास्टेराइडवर परतण्याचा विचार दोनदा केला. परतलो नाही, याचे श्रेय माझ्या धीराला नाही. डॉक्टरांनी पुढची भेट मुद्दामच सहा महिन्यांनंतरची दिली होती, आणि त्यांना न विचारता औषध बदलण्याची मला भीती वाटत होती. अकराव्या आठवड्याच्या सुमारास गळणे थांबले.

परिणाम मोजायचा तर छायाचित्रांना पर्याय नाही. आरसा रोज पाहिला तर रोज वेगळे सांगतो. ट्यूबलाइटखाली टक्कल दिसते, खिडकीजवळ दिसत नाही, तेल लावले की दुप्पट दिसते. मी दर तीन महिन्यांनी, केस कापल्यानंतर आठव्या दिवशी, कोरड्या केसांवर, त्याच खोलीत त्याच दिव्याखाली, त्याच स्टुलावर बसून पत्नीकडून तीन छायाचित्रे काढून घेतली: समोरून, वरून आणि भोवऱ्याचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे याहून लवकर फरक शोधणे म्हणजे पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी माती उकरून बघणे. तिसऱ्या महिन्याचे छायाचित्र आधीपेक्षा वाईट होते. सहाव्या महिन्याचे आधीइतकेच. नवव्या महिन्यात भोवऱ्याचा उघडा भाग आकुंचन पावल्यासारखा दिसला, परंतु मी त्यावर विश्वास ठेवला नाही. बाराव्या महिन्याचे छायाचित्र डॉक्टरांनी पहिल्याशेजारी ठेवले, तेव्हा वाद उरला नाही. पूर्वी आठ आण्याच्या नाण्याएवढी कातडी दिसत असे, तिथे आता केसांतून डोकावणारी फिकट रेषा होती. सुधारणेचे मोठे कारण नवे केस नसून होते तेच केस जाड झाले हे असावे, असे त्यांचे भिंगाखालील निरीक्षण. विसाव्या महिन्याचे छायाचित्र बाराव्यासारखेच आहे.

कपाळाच्या दोन कोपऱ्यांवर काहीही झाले नाही. माझी खरी आशा तिथेच होती. पाच-सात वर्षे गुळगुळीत झालेल्या जागी औषधाने केस परत आणण्याची अपेक्षा ठेवू नये, असे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते आणि मी ऐकले नाही ते अर्धे हेच.

आता दुष्परिणामांविषयी. फिनास्टेराइडवर मला जाणवण्याजोगा त्रास झाला नव्हता. मूळ चाचण्यांत लैंगिक स्वरूपाची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होते. ड्युटास्टेराइडवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत माझी कामेच्छा मंदावल्यासारखी वाटली आणि वीर्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. पहिली तक्रार पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप गेली, दुसरी कायम आहे. पहिलीत औषधाचा वाटा किती आणि मी आधी वाचून ठेवलेल्या मजकुराचा किती, हे ठरवणे मला शक्य नाही. इटलीत प्रोस्टेटच्या रुग्णांवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ मिलिग्रॅम फिनास्टेराइड देताना लैंगिक दुष्परिणामांची पूर्वकल्पना दिलेल्यांपैकी ४३.६ टक्के रुग्णांनी तशी तक्रार केली, आणि कल्पना न दिलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. यावरून ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा अर्थ काढणारे मला भेटले आहेत. तो अर्थ चुकीचा आहे, कारण १५.३ ही संख्याही लहान नाही. काही पुरुषांनी औषध सोडल्यानंतरही त्रास राहिल्याचे कळवले आहे आणि अमेरिकेत २०११ पासून माहितीपत्रकात तशी नोंद आहे.

मनःस्थितीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने आत्महत्येचे विचार मनात येणे हा फिनास्टेराइडच्या १ आणि ५ मिलिग्रॅम गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. किती जणांत तो होतो हे सांगण्याइतकी माहिती नाही, असेही नमूद केले. ड्युटास्टेराइडविषयी तसा पुरावा मिळाला नसला, तरी दोन्ही औषधांचे कार्य एकाच प्रकारचे असल्याने त्याच्याही माहितीपत्रकात खबरदारी म्हणून उल्लेख करण्याचे ठरले. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, आणि अशा व्यक्तीने पाच आठवड्यांचा अर्धायुकाल असलेले औषध निवडण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे माझे मत आहे. औषधाने मन खचू लागले तर ते चटकन उतरवता आले पाहिजे. फिनास्टेराइडची ही बाजू मला आता अधिक मोलाची वाटते.

एक घोटाळा माझ्या निष्काळजीपणामुळे झाला असता. कार्यालयाच्या वार्षिक आरोग्य तपासणीत चाळिशी उलटलेल्यांची पीएसए ही प्रोस्टेटसंबंधीची रक्तचाचणीही केली जाते. अहवालात माझा आकडा उत्तम म्हणून ठळक अक्षरांत आला. तपासणी केंद्राच्या अर्जावर चालू औषधे लिहिण्याची जागा होती आणि मी ती मोकळी सोडली होती, कारण ‘केसांचे औषध’ हे काय लिहायचे! ही दोन्ही औषधे पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेण्यासाठी वापरला जाणारा आकडाच अर्धा झालेला असल्याने तो दुप्पट करून वाचावा लागतो, आणि औषध चालू असताना तो वाढू लागला तर प्रमाणित मर्यादेच्या आत असला तरी त्याची दखल घ्यावी लागते. माझा आकडा दुप्पट करूनही ठीक होता. आता फाइलच्या मुखपृष्ठावरच लाल शाईने औषधाचे नाव आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवली आहे.

वापरण्याच्या दृष्टीने कॅप्सूल गोळीइतकी सोयीची नाही. ती मऊ जिलेटीनची असते. चावायची नाही, अख्खी गिळायची, कारण आतला द्रव घशाला झोंबतो. नाशिकच्या उन्हाळ्यात गाडीच्या कप्प्यात विसरलेले एक पाकीट मऊ पडून वाकडे झाले आणि फेकून द्यावे लागले. शाकाहार काटेकोरपणे पाळणाऱ्यांनी जिलेटीन प्राणिजन्य असते हे लक्षात घ्यावे. आमच्या सासूबाईंना मी हे अद्याप सांगितलेले नाही. माझा मासिक खर्च फिनास्टेराइडच्या दुपटीच्या आसपास गेला.

मध्यंतरी एका संकेतस्थळावरची सेवाही वापरून पाहिली होती. दहा-बारा प्रश्नांची उत्तरे दिली की चिठ्ठी तयार होते आणि डबा घरी येतो. मूल हवे आहे का, हे त्यांनी विचारले नाही. रक्तदान करता का, हेही नाही. आलेल्या डब्यात डोक्याला लावायचे फिनास्टेराइडचे द्रावण होते आणि त्यासोबत मी न मागितलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या. लावायचे द्रावण शरीरात शिरतच नाही, असे त्यांच्या मदतकक्षाने सांगितले. ते खरे नाही. त्वचेतून ते काही प्रमाणात रक्तात जाते आणि तशा द्रावणांच्या दुष्परिणामांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये इशाराही दिला आहे. डबा अर्धा वापरून सोडला. चिठ्ठीवर मिळणारे औषध समोर बसलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर घ्यावे, या मताला मी परत आलो.

फिनास्टेराइड सुरू करून वर्षही झाले नसेल तर ड्युटास्टेराइडची घाई करू नये, कारण पहिल्याच औषधाचा निकाल अजून लागलेला नसतो. दोन-तीन वर्षे नियमित घेऊनही भोवरा उघडा पडत असेल, अपत्यांचा प्रश्न सुटलेला असेल, फिनास्टेराइडवर त्रास झालेला नसेल, आणि वर्षभर थांबण्याची तयारी असेल, तर हा बदल करून पाहण्यासारखा आहे. फिनास्टेराइडवर ज्याला त्रास झाला, त्याने त्याच प्रकारच्या अधिक जोरकस आणि अधिक रेंगाळणाऱ्या औषधाकडे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि कपाळाच्या कोपऱ्यांसाठी जायचे असेल तर जाऊच नये. फिनास्टेराइडला मी पाचपैकी चार गुण देईन, या बदलाला साडेतीन. अर्धा गुण मी एका वेगळ्याच कारणाने कापला आहे.

आमच्या गल्लीतल्या मंडळाचे रक्तदान शिबिर दर गणेशोत्सवात होते आणि अठरा वर्षांचा झाल्यापासून मी त्यात क्वचितच खंड पाडला होता. फिनास्टेराइडवर असताना शिबिराच्या महिनाभर आधी गोळी बंद करून, नंतर पुन्हा सुरू करून मी ते निभावून नेत असे. ड्युटास्टेराइडच्या माहितीपत्रकानुसार शेवटच्या कॅप्सूलनंतर सहा महिने उलटेपर्यंत रक्तदान करायचे नाही, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला चढवले जाऊ शकते. सहा महिने बंद ठेवायचे तर औषध घेण्याला अर्थच उरत नाही. गेल्या वर्षी कार्यकर्त्यांना मी सर्दीचे कारण सांगितले. यंदा खरे कारण सांगितले, तर दोघांनी बाजूला घेऊन डॉक्टरांचा पत्ता विचारला, आणि मी नोंदणीच्या टेबलावर बसून दिवसभर इतरांची नावे लिहिली. अर्जातल्या ‘चालू औषधे’ या रकान्यापाशी आलो की प्रत्येकाला मी मुद्दाम विचारत होतो, केसांसाठी काही घेता का.